ओरिजिनलच पाठवा

५ जाने., सोम.

थंडी मरणाची. बोटं वळत नाहीत, तरी नऊला साइट उघडून बसलो. स्पर्धेसाठी अकरा फोटो आलेत. त्यातले सहा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले, पार चोथा झालेले. सहाही बाद. नियम १ मराठीत लिहिलाय, ठळक लिहिलाय, लाल रंगात लिहिलाय: कॅमेऱ्यातला ओरिजिनलच पाठवा, लोकेशन चालू ठेवून. लोकांना वाचता येत नाही की वाचायचंच नसतं?

डॉक्टरचा फोन. "काका, एवढं काय त्यात? फूल दिसतंय ना?" दिसतंय, पण कुणाच्या अंगणातलं? गेल्या वर्षी ह्याच सद्गृहस्थांनी नर्सरीतला डेलिया स्वतःचा म्हणून खपवला होता. फोटोच्या आत लपलेले ठिकाणाचे आकडे मी नकाशात टाकले, तर थेट गंगापूर रोडची नर्सरी निघाली. तेव्हापासून नियम १. अंबडला कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म गेला, मोजल्याशिवाय ओकेचा शिक्का मारला नाही कधी. आता म्हातारपणी मारू?

'अंगणफुले' माझी आहे. निवृत्तीनंतर क्लास लावून, पोराबाळांच्या वयाच्या मास्तरांची बोलणी खाऊन एकट्याने बांधली. मोठ्या साइटी फोटोचं भुस्काट करतात. माझ्याकडे पाकळीवरची लव दिसते. प्रत्येक फोटोखाली 'ओरिजिनल उतरवा' बटण. कुणीही उतरवा, कुणीही तपासा. आपल्याकडे लपवाछपवी नाही.

७ जाने., बुध.

आज एक फोटो आला आणि मी चष्मा पुसून परत पाहिला. पाठवणारीने नाव लावलंय 'जुई', पण फूल शेवंतीचं. पिवळी, गच्चीवर, तेलाच्या डब्यात लावलेली. एकेका झाडाला इतकी फुलं की पान शोधावं लागतं. नियम ४ प्रमाणे फुलाशेजारी हात धरलाय, आकार कळावा म्हणून. मनगटावर गोंदण आहे, तुळशीवृंदावन आणि खाली तीन ठिपके.

आकडे तपासले. मखमलाबाद, गल्लीतलं घर, गच्ची. अस्सल माल. पहिल्या पानावर टाकला. बायकोला, शा.ला, स्वयंपाकघरातून बोलावून दाखवला. म्हणाली, "अहो, हात कष्टाचा आहे बाईचा." मला फूल दाखवायचं होतं, ही हात बघते.

९ जाने., शुक्र.

डोकं फिरलंय.

गांगुर्डेबाईंचा फोन. शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. साइटच्या सभासद. निशिगंधाच्या चार कुंड्या आणि तोंड चाळीस कुंड्यांचं. म्हणे, "काका, तुमच्या त्या बटणातून कुणालाही घराचा पत्ता मिळतो."

मी: फुलाचा मिळतो.

"फूल काय हवेत लटकतं का?"

मग खरं कारण काढलं. ही जुई त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहते, ब्लाउज शिवते. मनमाडहून नवऱ्याच्या मारातून सुटून आलीय. तो गावोगाव शोधतोय. "तिचा फोटो आजच्या आज काढा. आणि बाकीच्यांच्या फोटोंतलेही आकडे पुसा."

मी म्हटलं, लपायचं होतं तर स्पर्धेत कशाला उतरली? त्यावर बाई कडाडल्या. "आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला कशात तरी हौस वाटली! लोकेशन चालू करा म्हणून तुमच्या साइटने सांगितलं, तिने केलं. त्याचा अर्थ तिला काय ठाऊक? तुम्हाला तर ठाऊक आहे ना?"

आजच्या आज म्हणे. मी काय ह्यांच्या वर्गात बसतो? निकाल १८ ला आहे. पहिल्या पानावरचा फोटो मधेच काढला तर चार लोक विचारतील, काकांनी काय घोटाळा केला म्हणून. माझ्याकडे फुलं लावणारी सभ्य माणसं येतात, गुंड येत नाहीत. निकालानंतर बघू.

१२ जाने., सोम.

चला, एक तरी कदर करणारा भेटला. नवीन सभासद, नाव 'हिरवाई'. लांबलचक निरोप. "सर, तुमच्यासारखी शिस्तीची माणसं उरली नाहीत." सर म्हणाला! बाकी सगळ्यांचं काका, काका. पुढे विचारतो, "सर, ती पिवळी शेवंती आमच्या ग्रुपवर फिरतेय. पण खरंच घरची असेल का? मला तर दुकानातली वाटते."

असा राग आला. त्या पोरीच्या मेहनतीवर संशय? लगेच लिहिलं: मी स्वतः तपासलंय, शंभर टक्के तिच्याच गच्चीवरची आहे, विश्वास नसेल तर तुम्हीही तपासा. आणि कसं तपासायचं ते एक एक पायरी करून लिहिलं. ओरिजिनल उतरवा, फोटोची माहिती उघडा, दोन आकडे दिसतील, ते नकाशात टाका, बोट थेट गच्चीवर जाईल. चांगलं पानभर लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर. "खूप खूप आभार सर. तुम्ही नसता तर कळलंच नसतं."

गां.बाईंनी शिकावं जरा. माणसाशी बोलायचं कसं ते.

१४ जाने., बुध., संक्रांत

तिळगूळ घ्या आणि भांडायला या, असं झालं. गां.बाई घरी हजर. शा.च्या हातावर तिळगूळ, माझ्या हातावर तिळगूळ, आणि हात खाली जायच्या आत, "काका, काढला का फोटो?"

म्हटलं, निकालानंतर.

बाई शा.कडे वळल्या आणि सगळं सांगितलं. नवऱ्याने शिवणाच्या कात्रीने पोरीचे केस कापले होते, कोंडून ठेवलं होतं. हे मला फोनवर नव्हतं सांगितलं. पण सांगितलं असतं तरी मी काय केलं असतं, देव जाणे. शा. ऐकून उभीच राहिली. ती रागावली की माहेरची होते, सटाण्याची. "तुमनं डोकं शे का खोकं?" पाहुण्यांसमोर!

काढला. दोघींसमोर, दात खाऊन. पहिल्या पानावरून गेला, यादीतून गेला. झालं समाधान? गां.बाई "उपकार झाले" म्हणाल्या. ते त्यांनी ज्या सुरात म्हटलं तो सूर मला कळत नाही असं नाही.

१७ जाने., शनि.

पुन्हा त्याच बाई. दुपारी मोबाइल घेऊन दारात. "काका, हे बघा." जुनी लिंक दाबली, शेवंती समोर. आकड्यांसकट.

म्हणे, तुम्ही पानावरून नाव काढलं, फाइल सर्व्हरवर तशीच आहे. दारावरची पाटी काढली म्हणून घर हलत नाही. मी म्हटलं, लिंक कोण पाठ करून ठेवतो? "ज्याला हवी तो ठेवतो." वर आणखी एक तमाशा केला. माझ्यासमोर हजेरीपटाची फाइल फूल म्हणून साइटवर चढवली. साइटने मुकाट घेतली! "आज हजेरीपट घेतला, उद्या कुणी काहीही देईल, तेही घेईल. तुम्ही येणाऱ्याचं तोंडच बघत नाही, काका."

टूलरूममध्ये आत येणारा प्रत्येक तुकडा मी मोजून घ्यायचो. ते आठवलं आणि जास्तच चिडलो. फाइल लगेच पुसता आली असती. पाच मिनिटांचं काम. पण बाई डोक्यावर उभ्या राहून करून घेणार, आणि मी करणार? सोमवारी करतो म्हटलं. उद्या निकाल, मला हजार कामं.

शेवंती आता स्पर्धेत नाही. मग पहिला नंबर कुणाला द्यायचा? डॉक्टरला? मरू दे.

१९ जाने., सोम.

काल तो आला.

सकाळी गां.बाईंचा फोन आला, आवाज बसलेला. रविवारी अकराच्या सुमारास आला, सोबत आणखी एक जण. जुई शिवलेले ब्लाउज द्यायला पंचवटीत गेली होती, म्हणून वाचली. केवळ म्हणून. वर जाऊन त्याने खोलीचं दार लाथांनी मोडलं, शिलाई मशीन आडवं केलं, आणि गच्चीवरचे सगळे डबे एकेक करून खाली गल्लीत टाकले. बाई आडव्या गेल्या तर मनगट पिरगाळलं. गल्ली जमली तेव्हा निघाला. जाताना ओरडून गेला, "परत येणार हाय मी. तिला सांगून ठेवा."

मी मखमलाबादला गेलो. घर कुठलं हे कुणाला विचारावं लागलं नाही. आकडे होतेच माझ्याकडे.

गल्लीत डबे चेपून पडलेले, माती सगळीकडे, शेवंती पायांखाली येऊन काळी पडलेली. गां.बाईंच्या हाताला पट्टा. त्यांनी मला आत बोलावलं नाही. जुई कुणाकडे तरी हलवलीय. दारातच म्हणाल्या, "तो काय ओरडत होता माहितीय का, काका? फोटोतनं सापडली, फोटोतनं. एका सरांनी शिकवलं म्हणाला, कसं शोधायचं ते."

सर.

घरापर्यंत कसा आलो आठवत नाही.

२० जाने., मंगळ.

'हिरवाई'ने खातं बंद केलंय. निरोप मात्र माझ्याकडे आहेत. त्याचे चार, माझा एक. माझा एकच पानभर आहे.

वाचला. परत वाचला. किती आनंदाने लिहिलंय मी! "बोट थेट गच्चीवर जाईल." त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी वर बसून त्याला गल्ली दाखवली. गोंदण त्याने ओळखलं असणार. हात धरा हा नियमही माझाच. सहा इंची पट्टी धरा म्हटलं असतं तर आकार काय कळला नसता? जन्मभर पट्टीने मोजलं आणि इथे माणसाचा हात मागितला.

९ तारखेला बाई म्हणाल्या, काढा. १२ ला तो 'हिरवाई' बनून आला. मधे तीन दिवस होते. मी शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही.

शा.ला दाखवला निरोप. वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "त्या मेल्याने तुम्हाला सर म्हटलं, एवढ्यावर भागलं तुमचं?"

२२ जाने., गुरु.

साइट बंद केली. पानावर एकच ओळ: काही काळ बंद.

झालं, सुरू सगळे. पहिला नंबर ठरेना म्हणून १८ ला निकाल लावलाच नव्हता. निकाल कुठाय? माझा गुलाब कुठाय? काका, असं कसं मधेच? डॉक्टर तर घरी आला. "या वेळी अगदी नियमाने ओरिजिनल पाठवला हो, आणि या वेळीच तुम्ही बंद करता?" त्याला म्हटलं, तुमच्या बंगल्याचं मागचं दार कुठल्या बाजूला आहे, तुम्ही रविवारी सकाळी घरी नसता, सगळं सांगू का? तुमच्या फोटोंवरूनच सांगतो. चेहरा पडला. चहा न पिता गेला. बरं वाटलं क्षणभर. नंतर काही वाटेना.

खरंच आहे पण ते. फोल्डर उघडून बसलोय, एकेक फोटोतले आकडे पुसतोय. कुणाची म्हातारी आई एकटी असते, कोण रोज सहाला फिरायला जातं, कुणाचं पोर कुठल्या अंगणात खेळतं. फुलांच्या मागे सगळं दिसतंय. मला कधी दिसलंच नाही, मी पाकळीवरची लव बघत होतो.

सगळा दोष माझाच का पण? ओरिजिनल पाठवा म्हटलं तर अक्कल घरी ठेवून पाठवायचं? एकानेही विचारलं नाही, काका, लोकेशन कशाला हवं? एकानेही नाही.

एकीने विचारलं होतं.

२४ जाने., शनि.

गां.बाईंचा निरोप. दोनच ओळी. "ते 'सर' तुम्हीच, एवढं कळतं मला. पोलिसांना तुमचे आणि त्याचे निरोप हवेत. तुम्ही स्वतः येऊन जबाब द्या, नाहीतर मी नाव सांगते."

धमकी देतात! मला! पहिली ठिणगी हीच डोक्यात.

मग साइटच्या आत जाऊन माझा तो पानभर निरोप समोर घेऊन बसलो. एक बटण दाबलं की गेला. आणि या वेळी फाइलीसकट कसं पुसायचं तेही येतं मला. त्याचे चार राहतील, त्यात तो नुसता विचारतोय. उत्तर कुणी दिलं हे कोण सिद्ध करणार? हा विचार मी केला. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार.

शा. मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. म्हणाली, "दाबा. मग मी सांगते बाईंना, ह्यांनी काय लिहिलं होतं ते. मला पाठ आहे."

पाचही निरोपांच्या प्रती काढल्या. प्रिंटरची शाई संपत आलेली, माझं पान फिकट आलं. शाई बदलून परत काढलं.

२७ जाने., मंगळ.

पोलीस ठाणे. दोन तास बाकावर. गां.बाई शेजारच्या बाकावर, पट्टा अजून हाताला. नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. तेवढंच.

जबाब घेणारा हवालदार तरुण होता. मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपने फोटो कसे बिघडतात, डेलिया, नर्सरी, नियम १, नियम ४. तो लिहायचा थांबला. "काका, फुलं राहू द्या. आरोपीला पत्ता कोणी दिला? एका वाक्यात."

एवढा वेळ तोंडाचा पट्टा चालू होता माझा. गां.बाई ऐकत होत्या.

"मी दिला."

लिहून घेतलं त्याने. खाली सही केली. तो सापडला का विचारलं, तर मनमाडच्या घराला कुलूप आहे म्हणाला, फोन बंद, तपास चालू आहे. म्हणजे तो कुठेतरी फिरतोय. तिच्या आधीच्या खोलीचा नकाशा खिशात घेऊन फिरतोय.

बाहेर आल्यावर गां.बाई म्हणाल्या, "खोटं बोलला नाहीत, बरं झालं." आभारबिभार काही नाही. असावेत असं म्हणत नाही मी.

२ फेब्रु., सोम.

दुपारी गां.बाई आल्या आणि त्यांच्यामागे एक बारीक चणीची बाई, डोक्यावरून पदर. मी ओळखलं नाही. तिने फाटकाची कडी लावायला हात पुढे केला तेव्हा मनगट दिसलं.

नाव सांगितलं तिने. इथे लिहीत नाही. एवढं तरी कळलंय आता मला.

रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. मी तयारीत होतो. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ती बसली आणि म्हणाली, "काका, झाडाचं काय नाय. काडी लावली की पुन्हा येतंय. फक्त तुमच्याकडं माझं काय काय हाय ते मला दाखवा आन् माझ्यासमोर पुसा."

दाखवलं. मोबाइल नंबर. फोटो तीन, एक पहिल्या पानावर लावलेला आणि दोन तिनेच आधी पाठवून मी बाद केलेले. बाद केलेलेही ठेवले होते मी. का ठेवले होते? काही कारण नाही, ठेवायचे म्हणून ठेवले. एकेक पुसला. प्रत्येक वेळी गां.बाईंनी आपल्या मोबाइलवर लिंक दाबून पाहिली. उघडली नाही. पोलिसांकडे दिलेली प्रत तेवढी राहिली.

"आन् ज्यांनी आधी उतरवून घेतला त्यांच्याकडचा?" तिने विचारलं.

तो माझ्या हातात नाही, म्हटलं. खरं तेच सांगितलं. मी म्हटलं, चुकलं माझं, पोरी. हे शब्द मी शेवटचे कधी वापरले होते आठवत नाही. ती "हां" म्हणाली. माफ केलं असं नाही म्हणाली.

मग काहीतरी बोलायचं म्हणून, आणि खरंच काळजी वाटली म्हणूनही, मी विचारलं, "मग आता राहणार कुठे?"

तिने गां.बाईंकडे पाहिलं, बाईंनी शा.कडे पाहिलं. असा संताप आला! अरे, मी आपुलकीने विचारतोय, माझ्याच घरात बसलात ना तुम्ही? ओठापर्यंत आलं होतं.

शा. म्हणाली, "अहो, आत कांदेपोहे केलेत, बशा भरून आणता का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पोह्यांच्या बशा भरायला तिने मला कधी पाठवलं नव्हतं. गेलो. चार बशा भरल्या, खोबरं घातलं, हळूहळू घातलं. बाहेरून तिघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. ट्रे घेऊन दारात आलो तेव्हा तो थांबला.

शा.ला ठाऊक आहे बहुतेक, ती कुठे गेली ते. मी विचारलेलं नाही.